मुरारचं खत

आमच्या सासरी दारांना कड्या कमी आणि माणसांच्या मनांना जास्त होत्या. मी वाईहून लग्न होऊन ग्वाल्हेरला आले ती संस्थानी राज्याची शेवटची दहा-बारा वर्षं. शहराच्या लष्कर भागात, नया बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. माझे सासरे रघुनाथराव, त्यांना मी मामंजी म्हणायची, फौजदारी कचेरीत पेशकार होते. दिवसभर साहेबापुढे कागद ठेवायचे आणि साक्षीदारांच्या जबान्या ऐकायच्या, हे त्यांचं काम. खोट्या शपथा ऐकून ऐकून त्यांचं असं झालं होतं की, कुणी सरळ काही सांगितलं तरच त्यांना जास्त काळजी वाटायची. दूधवाल्याला ते "पाणी घातलंस का" असं कधी विचारत नसत. "किती घातलंस" असंच विचारत. सासूबाई मंदाताई त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या. मी देवापुढे जरा जास्त वेळ हात जोडून बसले, तर मी काय मागतेय ते ऐकायला त्या सहज म्हणून येऊन जायच्या.

अशा घरात इंदूकाकू बिया गोळा करत होत्या.

इंदूकाकू म्हणजे मामंजींच्या धाकट्या भावाची, बळवंतरावांची बायको. बळवंतराव दरबारच्या बागांवर दरोगा होते. ते विषमज्वराने गेले तेव्हा काकू ऐन तिशीत होत्या. मूलबाळ नाही. माहेर कऱ्हाडकडचं, पण आईवडील लवकर गेल्यामुळे तिथे नाव घ्यायलाही कुणी उरलेलं नव्हतं. पंधराव्या वर्षी ग्वाल्हेरला आल्या त्या परत कधी दक्षिणेत गेल्याच नाहीत. नवऱ्याच्या मागे त्यांच्यापाशी राहिली ती गच्चीवरची कुंड्यांची रांग, आणि त्याने शिकवलेली एक सवय. फूल सुकल्यावरही झाडापाशी जायचं, ही ती सवय.

कुणाकडे मुंज असो की आजाऱ्याची विचारपूस, काकू गेल्या की यजमानांच्या अंगणातल्या वाळक्या झाडापाशी थोडा वेळ रेंगाळणार, हे ठरलेलं. घरी आल्या की पदराची गाठ सोडायच्या. त्यातून कुणाची गुलबक्षी निघायची, कुणाच्या झिनियाची वाळकी बोंडं. सासूबाई ती गाठ लांबून बघायच्या आणि मला हळूच म्हणायच्या, गाठीत काय होतं ते आपण नंतर बघतो, आधी काय होतं कुणाला ठाऊक. मला आधी वाटायचं, यांना काकूंचा काहीतरी पूर्वीचा राग असेल. पुढे कळलं, तसं काही नाही. त्यांचं सगळ्यांशी असंच होतं.

काकूंचं काम मात्र बघण्यासारखं होतं. तेरड्याच्या शेंगा जरा बोट लागलं की फुटतात आणि बी चारी दिशांना जातं, म्हणून त्या शेंगांना मलमलीच्या जुन्या चिंध्यांच्या इवल्याशा पिशव्या बांधायच्या, काळ्या दोऱ्याने. काळा दोरा हिरव्यात चटकन दिसतो, एवढंच त्याचं कारण. पण शेजारच्या शांताताईंनी गच्चीवर झाडाझाडाला काळ्या दोऱ्याच्या पुरचुंड्या लटकलेल्या पाहिल्या आणि आपल्या नातवाला पंधरवडाभर आमच्या दारावरून जाऊ दिलं नाही. चिनी गुलाबाच्या बोंडाचं टोपण उडायच्या आत ते खाली कागद धरून तोडायचं. निवडुंगाच्या लाल बोंडातला गर राखेत चोळून धुवायचा, नाहीतर बी कुजतं. मग सावलीत वाळवायचं आणि पुड्या बांधायच्या.

संशय काकूंनाही होता, फक्त तो वेगळ्या मंडळींवर. मुंग्यांवर होता, चिमण्यांवर होता. बाजारच्या पुड्यांतलं बी गेल्याच्या गेल्या वर्षीचं असतं, याची तर त्यांना खात्रीच होती. कुणी बी दिलं की त्यातलं थोडं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या आणि मोड आल्याशिवाय देणाऱ्याचे आभार मानायच्या नाहीत. सर्वांत कमी विश्वास वाऱ्यावर. काही झाडांच्या बियांना रेशमासारखा कापूस असतो. त्या निवडायला बसल्या की काकू खोलीची खिडकी लावून घ्यायच्या, दाराला आतून कडी घालायच्या आणि जवळजवळ श्वास रोखून बसायच्या. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात, भर दुपारी. बाहेर मामंजी येरझाऱ्या घालायचे. विधवा बाईला दिवसाढवळ्या कडी घालून बसायचं कारण काय, हा प्रश्न त्यांनी काकूंना कधीच विचारला नाही. विचारला असता तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालेलं त्यांना आवडत नसे.

काकूंना घराबाहेरचा हक्काचा असा एकच रस्ता होता, मुरारचा. शहराबाहेरच्या या वस्तीत जयसिंहराव सरदारांचा बंगला होता आणि त्यांच्या पत्नी शालिनीताईंना देशोदेशीच्या काटेरी, मांसल झाडांचा नाद होता. बळवंतराव होते तेव्हा तेच ती बाग बघायला जात. ते गेल्यावर शालिनीताईंनी निरोप पाठवला की, आमच्याकडे फुलं पुष्कळ येतात पण माळ्याला बी धरता येत नाही, इंदुताईंनी येत जावं. सरदारांचा निरोप, म्हणून मामंजींना नाही म्हणता आलं नाही. आठवड्यातून एक-दोनदा कल्लूचा तांगा यायचा आणि काकू मुरारला जायच्या. त्या दिवशी त्यांची चाल बदलायची. घरात भिंतीकडेने चालणारी बाई तांग्यात बसताना सरळ बसायची. मी हे पाहिलं होतं आणि मला ते आवडायचं.

त्या बागेत एक विचित्र झाड होतं. जयसिंहरावांनी विलायतेहून येताना त्याचा तुकडा आणला होता. पानं नाहीत, नुसत्या चौकोनी, मऊ, हिरव्या कांड्या. पावसाळ्यानंतर त्याला तळहाताएवढं पिवळट तपकिरी फूल यायचं आणि फुलाला मेलेल्या उंदरासारखा वास. माश्यांचे थवे जमायचे. गिरधारी माळी नाक दाबून त्याला पाणी घालायचा. काकूंना त्या वासाचं काही वाटायचं नाही. त्यांचं लक्ष होतं शेंगांकडे. इतकी वर्षं फुलं येत होती पण शेंग धरत नव्हती, आणि त्या वर्षी पहिल्यांदा धरली होती. एका देठावर दोन शेंगा, हरणाच्या पाडसाच्या शिंगांसारख्या वर उभ्या. त्या पिकायला सात-आठ महिने लागतात, आणि पिकल्या की एखाद्या तापल्या दुपारी उकलतात. आतलं बी कापसावर बसून निघून जातं. म्हणून रंग उतरायला लागला की शिंगांना वरपासून खालपर्यंत दोरा गुंडाळायचा. फार आधी गुंडाळला तर शेंग आखडते, उशीर झाला तर संपलं. तो दिवस कोणता, हे काकू हात लावून ठरवणार होत्या.

काकूंनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्या वर्षी त्या रोज देवाला सांगायच्या की, एवढं बी माझ्या हाती लागू दे. सासूबाईंनी ते ऐकलंच.

आता गिरधारीचा निरोप. चैत्र सरत आला होता. मामंजींना पोटाची तक्रार होती म्हणून ते त्या दिवशी कचेरीत गेले नव्हते, ओट्याच्या आतल्या खोलीत पडून होते. गिरधारी शहरात काही कामाला आला होता, जाता जाता दारात थांबला आणि आमच्या मोलकरणीला म्हणाला, "इंदुताई से कह देना, उनका खत रखा है। पुराना वाला, जैसा उन्हें पसंद है। मैंने छुपा के रखा है, नहीं तो कोई और उठा ले जाता। जल्दी आ जाएँ।"

इथे एका शब्दाची गोष्ट सांगायला हवी. आमच्या वाई-कऱ्हाडकडे खत म्हणजे शेणखत, लेंडीखत, झाडाला घालतात ते. ग्वाल्हेरला त्याला सगळे, मराठी माणसंसुद्धा, खाद म्हणतात. आणि खत म्हणजे तिकडच्या हिंदीत पत्र. मामंजींचा जन्म ग्वाल्हेरचा, नोकरी उर्दूतल्या कागदांची. त्यांना खत शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. काकू मात्र पहिल्या दिवसापासून गिरधारीशी आपल्या मोडक्या हिंदीत "खत लाओ, खत डालो" असं बोलत आलेल्या. त्या भल्या माणसाला वाटलं, मराठी बायकांचा हा शब्द असणार. तो जगाशी खाद म्हणायचा आणि काकूंसाठी आदराने खत म्हणायचा. काटेरी झाडांना शेळ्यांचं जुनं, वाळून भुगा झालेलं खत लागतं. ते त्याने काकूंच्या कुंड्यांसाठी गोणीत भरून बाजूला ठेवलं होतं. निरोप एवढाच होता.

मामंजी पलंगावर उठून बसले. त्यांचं पोट तिथल्या तिथे बरं झालं.

दुसरा कुणी असता तर त्याने बायकोला पुढे घालून भावजयीला विचारून टाकलं असतं. पण मामंजी कचेरीचे होते. आरोपीला आधी विचारायचं नसतं, आधी पुरावा गोळा करायचा असतो. पहिल्यांदा त्यांनी तांगा बंद केला. सासूबाईंकरवी काकूंना सांगितलं की, उन्हाच्या झळांची लू सुरू झाली आहे, आता काही दिवस बाहेर पडायचं नाही. मोलकरणीला गिरधारीचा निरोप पोचवायची बंदी झाली. मग कल्लू तांगेवाल्याला ओट्यावर बसवून पान दिलं आणि बाई कुठे उतरते, कुणाशी बोलते, ते काढून घेतलं. कल्लूने खरं ते सांगितलं. बाई पुढच्या फाटकाशी उतरत नाहीत, मागच्या वाटेने जातात, कारण रोपं तिकडे आहेत. मामंजींनी त्यातली मागची वाट तेवढी घेतली आणि रोपं सोडून दिली.

मग काकू आंघोळीला गेल्या असताना त्यांनी त्यांचं कपाट उघडलं. एक एक पुडी सोडून, उजेडात धरून, वास घेऊन बघितली. एका पुडीतलं काळं बारीक बी पाहून त्यांना अफूचा संशय आला आणि त्यांनी ते जिभेवर ठेवलं. ते कशाचं होतं कोण जाणे, पण नंतर ते बराच वेळ चूळ भरत होते. मी स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं पाहत होते आणि मला काहीच उलगडत नव्हतं. काकूंना मात्र परत आल्याबरोबर कळलं. त्यांची पुडीची घडी वेगळी असायची.  त्या खाली बसल्या आणि झिनिया नि झेंडू एकमेकांत मिसळले होते ते निवडत राहिल्या.

रोज सकाळी त्या सासूबाईंच्या मागे लागत, जाऊबाई, एकदाच जाऊ द्या, उभ्या उभ्या जाऊन येते. सासूबाई विचारत, एवढी घाई कशाची. काकू म्हणत, "शिंगं फुटतील हो."

"ती तर तुला कधीच फुटलीत," सासूबाई म्हणाल्या.

 या घरात आपलं बोलणं कुठे वळवलं जातंय हे काकूंना कळेना, आणि मला तर त्याहून कळेना. शेवटी एका दुपारी पापड लाटताना सासूबाईंनी माझ्यापाशी मन मोकळं केलं. आवाज अगदी खाली आणून त्या म्हणाल्या की, इंदूला मुरारहून खत येतं, यांनी स्वतः ऐकलंय. आता वाईची पोर मी. मी म्हटलं, येतं ना, मला ठाऊक आहे. त्यांच्या हातातलं लाटणं थांबलं. मला वाटलं, ग्वाल्हेरच्या ब्राह्मणांत विधवेने शेळीच्या लेंड्यांना हात लावलेला चालत नसेल. म्हणून काकूंची बाजू घ्यायला मी म्हणाले, "त्यात एवढं काय आहे सासूबाई? माझ्या माहेरी तर दर वर्षी गाडी भरून येतं."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच काही सुटलंय की काय असं वाटून मी पदर सावरला.  संध्याकाळी माझी ट्रंक उघडून पाहिलेली मला दिसली. आमचे हे तेव्हा उज्जैनला नोकरीवर होते. त्यांना तातडीने येऊन जा म्हणून कळवावं की काय, अशी कुजबुज झालेलीही माझ्या कानावर आली. म्हणजे आता घरात संशयित दोन झाल्या, आणि दोघींनाही आपला गुन्हा माहीत नव्हता.

ऊन रोज चढत होतं. दुपारी लू अंगणातून शिट्टी घालत जायची. काकू जेवायच्या नाहीत. गच्चीवर जाऊन मुरारच्या दिशेला तोंड करून उभ्या राहायच्या, आणि त्याचाही पुरावा व्हायचा.

शेवटी मामंजींनी पेशी, म्हणजे सुनावणी, ठेवली. शब्द त्यांचाच. रविवारी सकाळी ते बैठकीच्या खोलीत गादीवर बसले. मोठ्या दिराशी समोरासमोर बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. लग्न होऊन आल्यापासून काकू मामंजींशी थेट एक शब्द बोललेल्या नव्हत्या. म्हणून त्या माजघराच्या दाराआड उभ्या राहिल्या, सासूबाई उंबऱ्यात बसल्या, आणि प्रश्न-उत्तरं त्यांच्यामार्फत. खरं तर दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं. सासूबाई नुसत्या मान इकडून तिकडे वळवत होत्या. मला काकूंच्या शेजारी उभं केलं होतं, ते साक्षीदार म्हणून की दुसरी आरोपी म्हणून, हे मला सांगितलं नव्हतं.

"विचारा तिला," मामंजी म्हणाले, "मुरारहून खत येतं की नाही."

"येतं," काकू म्हणाल्या.

मामंजी जरा गडबडले. कचेरीत पहिल्याच प्रश्नाला कुणी कबूल होत नसे. केव्हापासून, असं त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, हे गेल्यापासून. त्याआधी हे होते, त्यामुळे मला घरबसल्या मिळत होतं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"कुणाचं असतं?"

"जयसिंहरावांकडचं."

 मामंजींच्या साहेबाच्या साहेबांचं जयसिंहराव सरदारांकडे उठणं-बसणं होतं. मामंजींचा आवाज एकदम उतरला. त्यांनी विचारलं की, शालिनीताईंना हे ठाऊक आहे का. काकू म्हणाल्या, त्याच तर देतात. म्हणतात, आमच्याकडे नुसतं पडून असतं, तुम्ही तरी न्या.

मामंजींनी गादीवरची उशी उगाचच उचलून दुसरीकडे ठेवली. मग अगदी हळू, एक एक शब्द सुटा करत त्यांनी विचारलं, "आणि त्या खतात असतं काय?"

काकू गप्प राहिल्या. त्या गप्प बसण्याचा मामंजींनी काय अर्थ घेतला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खरं म्हणजे काकू नीट आठवून सांगणार होत्या. झाडांच्या बाबतीत त्या अंदाजे बोलत नसत.

"मुख्य शेळ्यांच्या लेंड्या," त्या म्हणाल्या. "थोडा पाला. गिरधारी मधूनमधून राख घालतो, ते मला चालत नाही."

मामंजींनी उशी पुन्हा होती तिथे ठेवली. मग म्हणाले, "मतलब, खाद?"

हो, इकडे खाद म्हणतात, आमच्याकडे खत, असं काकूंनी सांगितलं आणि मामंजी हसायला लागले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांना ठसका लागला. सासूबाई उंबऱ्यातच पदर तोंडाला लावून हलत होत्या. माझ्या माहेरच्या गाडीभर खताचा उलगडा झाल्यावर तर त्यांना उठवेना. खोटं कशाला सांगू, मीसुद्धा हसले. काकूंना मात्र काहीच समजलेलं नव्हतं. त्या आमच्या तोंडांकडे बघत होत्या. तेव्हा सासूबाईंनीच डोळे पुसत त्यांना सांगितलं की, आम्ही काय समजून बसलो होतो.

काकूंचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे त्यासाठी तांगा बंद होता?"

 मामंजी मोठ्या मनाने म्हणाले, जाऊ द्या तिला, आत्ता जाऊ द्या. मग दाराबाहेर पडता पडता वळून म्हणाले, सूनबाईला बरोबर घेऊन जा म्हणावं. त्या सोबतीचा अर्थ मलाही कळला. गुन्हा नाही असं ठरल्यावरही पहारा उठला नव्हता आणि या वेळी पहारेकरी मी होते. मला त्यांचा मनापासून राग आला.

तांगा मुरारला पोचेपर्यंत काकू पुढे वाकून बसल्या होत्या. मागच्या वाटेशी उतरल्या आणि जवळजवळ धावतच गेल्या. गिरधारी समोर आला, त्याचा चेहरा पाहूनच त्या थांबल्या.

"कल दोपहर को खुल गए, बाई," तो म्हणाला. "रुई जैसी उड़ी। मैं तो देखता ही रह गया। मुझे बाँधना कहाँ आता है।"

दोन्ही शिंगं उभी चिरली होती. आतून गुळगुळीत, फिकी, अगदी रिकामी. काकूंनी बोट आत फिरवून पाहिलं. मग कुंडीखालची खडी चाळली, कुंपणाच्या जाळीत हात घालून पाहिला, भिंतीच्या कडेने मुंग्यांच्या रांगेमागून बिळापर्यंत गेल्या. मीही पदर खोचून शोधायला लागले. कापसाचा एक पुंजका सापडला, पण त्याला बी नव्हतं. शालिनीताई बाहेर आल्या. त्या चांगल्या बाई होत्या. म्हणाल्या, पुढच्या वर्षी धरतील की शेंगा, इंदुताई, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. काकू हो म्हणाल्या. पुढच्या वर्षी शेंग धरेल की नाही हे कुणी सांगू शकत नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाच धरली होती.

निघताना गिरधारीने गोणी आणून तांग्यात ठेवली आणि म्हणाला, "और ये आपका खत।"

काकू त्या गोणीकडे बघत राहिल्या. मग त्याला म्हणाल्या, "आज से खाद बोलना।"

रात्रीच्या जेवणाला मामंजी फार खुशीत होते. दुपारी दोन ओळखीच्या घरी जाऊन ते हा किस्सा सांगून आले होते आणि तो लोकांना आवडलाही होता. त्यांच्या सांगण्यात त्यांनी मोठ्या हुशारीने एक प्रकरण उकलल्यासारखं झालं होतं. मी वाढत होते, काकू आत चुलीशी होत्या. बी मिळालं का, हे त्यांनी विचारलं नाही. काकू कशासाठी तळमळत होत्या ते त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. आमटीचा भुरका मारून, आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते सासूबाईंना म्हणाले, "तिला सांगा, एवढी वर्षं ग्वाल्हेरात काढली आणि खत म्हणजे काय, इतकी साधी बात मालूम नाही? मग माणसाने काय समजायचं? चूक कुणाची म्हणायची?"

काकू भाताचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. मला वाटलं, त्या पातेलं माझ्या हातात देतील. त्यांनी दिलं नाही. पुढे आल्या आणि मामंजींच्या पानासमोर उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर होता तिथेच होता, आवाजही चढलेला नव्हता.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ज्याला पत्रं येतात त्याला कळतं, इथे पत्राला काय म्हणतात ते. मला या घरात आल्यापासून कधी कुणाचं पत्र आलेलं नाही."

मामंजींचा हात आमटीच्या वाटीपाशी थांबला. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या, जणू आता मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते मी पुसलंही नाही. काकूंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग भात वाढू का असं विचारलं. मामंजींनी मान हलवली, ती हो म्हणून की नको म्हणून ते कुणालाच कळलं नाही. काकूंनी भात वाढला, वर आमटी वाढली आणि त्या पातेलं घेऊन आत गेल्या.